गरोदरपण, एचआयव्हीची धास्ती आणि डिचोली ते बांबोळी

माझी मुलगी आता सहा महिन्यांची झाली. ती पोटात असताना मला एचआयव्ही झालाय आणि तो तिलाही होणार, या भीतीने मी कित्येक महिने धड झोपले नव्हते. संसर्ग होईल असं काहीही घडलं नव्हतं. तरी भीती खरी होती, आणि त्या दिवसांत मी मराठीत शोधत बसायची तेव्हा ‘एचआयव्ही कशाने पसरत नाही’ याच्या याद्या मिळायच्या. हात मिळवल्याने नाही, डासाने नाही, एका ताटात जेवल्याने नाही. मला त्या याद्या तोंडपाठ झाल्या, पण भीती हलली नाही. यादी पाठ असूनही ज्यांची झोप उडालीय, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितेय. यात ज्या मावशींचा उल्लेख येतो, त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

जुलै २०२४ च्या अखेरीस मी गोव्यातल्या डिचोलीच्या सरकारी आरोग्य केंद्रात नाव नोंदवलं. आधारकार्ड, बँकेचं पासबुक आणि आधीच केलेली सोनोग्राफी असेल तर तिचा कागद, एवढं घेऊन जा. माता-बाल कार्ड त्याच दिवशी मिळतं. मग रक्त. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, हिपॅटायटिस बी, सिफिलिस आणि एचआयव्ही. एचआयव्हीसाठी आधी समुपदेशक मॅडमच्या खोलीत पाठवतात. ही चाचणी प्रत्येक गरोदर बाईची करतात, पण संमती घेतल्याशिवाय नाही, असं त्यांनी सांगितलं. मी सही केली. नवऱ्यालाही करून घ्यायला सुचवलं, तो सोबत होताच, त्यानेही करून घेतली. दोघांचेही निकाल ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’, म्हणजे एचआयव्ही आढळला नाही. पैसे काही नाहीत. मी कागद फाईलमध्ये टाकला आणि विसरले.

श्रावण गेला, चवथ गेली. उलट्या थांबल्या आणि मला मासळीची भूक लागली.

२७ ऑक्टोबर, रविवार. आमच्या वाड्यावरच्या एक मावशी अडल्यानडल्याला मदतीला येतात. मासळी कापून देणं, नारळ खवणणं, असं. त्या दिवशी बांगडे होते. मावशी विळीवर बसल्या आणि शेवटच्या तीन-चार बांगड्यांना विळी निसटून त्यांचा अंगठा कापला. त्यांनी नळाखाली बोट धरलं, फडक्याची चिंधी गुंडाळली आणि उरलेले बांगडे कापून दिले. मी मासळी दोन-तीन पाण्यांनी धुतली, हळद-मीठ लावलं, हुमण, म्हणजे मासळीची आमटी, केलं. माझ्या तर्जनीच्या नखाजवळ कातडी निघाली होती. मिठाने ती चुरचुरली, म्हणून नेमकी लक्षात राहिली.

संध्याकाळी एक शेजारीण आली. बोलता बोलता आवाज खाली आणून म्हणाली, “तिका कित्याक बोलायतां गो घरांत? तिचो घोव त्या रोगान गेलो. तीय बांबोळेंच्यो गुळयो घेता.” म्हणजे मावशींचा नवरा एचआयव्हीने गेला आणि त्याही बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातून त्याच्या गोळ्या घेतात.

एवढंच. मी चहाचा कप खाली ठेवला, आणि मला एकदम ती चुरचुर आठवली.

त्या रात्रीपासून सुरू झालं. आधी विळी उकळत्या पाण्यात घातली, मग परसात नेऊन ठेवली. मग पाट, मग टोप. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी विळी आणली. नरकासुराच्या रात्री सगळा गाव रस्त्यावर, ढोल, फटाके, आणि मी आतल्या खोलीत मोबाईलवर ‘मासळीतून एचआयव्ही’, ‘नखाच्या जखमेतून एचआयव्ही’, ‘गरोदरपणात एचआयव्हीची लक्षणं’ असं काहीबाही लिहीत बसलेली. थकवा, घाम, रात्री जाग येणं, ही लक्षणं तिथे दिलेली असायची. पाचव्या महिन्यातल्या कुठल्या बाईला थकवा नसतो? पण तेव्हा हे सुचत नाही.

नोव्हेंबरच्या मध्यात नवऱ्याला न सांगता म्हापशाला एका खाजगी लॅबमध्ये गेले. चौथ्या पिढीची चाचणी, म्हणजे विषाणूचा अंश आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडं दोन्ही शोधणारी, सहाशे रुपये. काउंटरवरच्या मुलाने नाव, वय आणि फोन नंबर विचारला. का करताय, कधीची शंका आहे, हे कोणी विचारलं नाही, संमतीचा कागदही पुढे आला नाही. मला तेव्हा तेच बरं वाटलं. आता वाटतं की तिथे कोणी पाच मिनिटं बोललं असतं तर पुढचे कितीतरी दिवस वाचले असते. एचआयव्ही आणि एड्सविषयी देशात २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय ही चाचणी करू नये, असं त्यात स्पष्ट आहे.

रिपोर्ट रात्री व्हॉट्सअॅपवर आला. नॉन-रिअॅक्टिव्ह. पण त्याच्या शेजारी एक आकडा होता, ०.११. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की १.०० पेक्षा कमी म्हणजे नॉन-रिअॅक्टिव्ह. माझं लक्ष त्या ओळीवर गेलंच नाही. ०.११ म्हणजे शून्य नाही, एवढंच दिसलं. शून्य नाही तर काहीतरी आहे.

महिनाअखेर पणजीला दुसऱ्या लॅबमध्ये गेले, साडेसातशे रुपये. नॉन-रिअॅक्टिव्ह, आकडा ०.१९. वाढला! मी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघत बसले. त्या रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चिडला नाही, ऐकून घेतलं. मी सरळ विषाणूच शोधणारी पीसीआर चाचणी करायची म्हणत होते, लॅबने तिचे चार हजारांच्या वर सांगितले होते. तो म्हणाला, “पैशांचं सोड. आधी आपल्या डॉक्टरांना विचारू. त्या कर म्हणाल्या तर उद्याच करू.”

तोपर्यंत शरीरावर परिणाम दिसायला लागले होते. मासळी बंद, बाहेरचं बंद, कोणाकडे चहा नाही. हात इतके धुवायची की बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. आणि भेगा पडल्या म्हणून वाटायचं, आता तर विषाणूला आत शिरायला वाटच वाट. शाळेत मुलांच्या वह्या तपासायचीही भीती वाटू लागली. वजन आधीच्या तपासणीला होतं तेवढंच राहिलं.

९ डिसेंबरला सोमवारी तपासणी होती. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो, त्या दिवशी गर्दी फार. मागे बायकांची रांग, दार अर्धं उघडं, अशात हे बोलणार कसं? मी घरूनच एका चिठ्ठीवर लिहून नेलं होतं: ‘मला एचआयव्ही झाल्याची खूप भीती वाटते. झोप नाही. जेवण जात नाही. सगळ्यांसमोर बोलता येणार नाही.’ तपासणीच्या टेबलावर झोपल्या झोपल्या ती डॉक्टरांच्या हातात दिली. ज्यांना बोलायचा धीर होत नाही त्यांनी हे जरूर करावं. डॉक्टरांनी ती वाचली, घडी करून मला परत दिली, वजनाचा आकडा बघितला आणि म्हणाल्या, “आजच समुपदेशकांकडे बसून जायचं. मी त्यांना सांगते.”

तीच खोली, जिथे जुलैमध्ये सही केली होती. मॅडमनी दार लावलं. पहिला प्रश्न विचारला, “झाला असेल तर कुठल्या वाटेने झाला असेल, ते मला सांगा.” मी बांगडे, विळी, अंगठा, नख, हुमण, सगळं सांगितलं. मावशींचं नाव मात्र माझ्या तोंडून निघणार एवढ्यात त्यांनी हात वर केला. “नाव नको. कोणाला काय आहे हे त्यांच्या परवानगीशिवाय बोलणं कायद्याने बंद आहे. तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांनी सांगायला नको होतं. ते तुमच्यापाशीच थांबू दे.”

मग त्यांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला लिहायला घेतलं. हा विषाणू रक्त, वीर्य, योनीतला आणि गुदद्वारातला स्राव, आणि आईचं दूध यांतून जातो. थुंकी, घाम, अश्रू यांतून जात नाही. तो नुसता असून भागत नाही. तो पुरेशा प्रमाणात हवा, जिवंत हवा, आणि थेट रक्तापर्यंत किंवा आतल्या नाजूक त्वचेपर्यंत पोचायला हवा. असुरक्षित संबंध, वापरलेली सुई, न तपासलेलं रक्त, आणि गरोदरपण, बाळंतपण व अंगावरचं दूध यांतून आईकडून बाळाला, या त्याच्या वाटा. “आता तुमचे बांगडे घेऊ,” म्हणाल्या.

आणि खरंच त्यांनी एकेक पायरी घेतली. मावशींनी बोट नळाखाली धरलं, तिथेच रक्त वाहून गेलं. समजा थोडं मासळीला लागलं, ती तुम्ही दोन-तीन पाण्यांनी धुतली. शरीराबाहेर हा विषाणू फार काळ टिकत नाही, तिथे तो वाढूही शकत नाही. वाळला की काही तासांत त्याची संसर्ग करायची ताकद ९० ते ९९ टक्के कमी होते. त्यावर मीठ, त्यावर उकळतं हुमण. उष्णतेने तो मरतो. उरलंसुरलं पोटातलं आम्ल. नखाजवळची निघालेली कातडी म्हणजे रक्त वाहणारी उघडी जखम नव्हे. “आणि तुम्ही म्हणता त्या बाई गोळ्या घेतात. घेत असतील तर उलट चांगलं. रोज एआरटी, म्हणजे या विषाणूला दाबणाऱ्या गोळ्या, घेणाऱ्याच्या रक्तातला विषाणू इतका दाबला जातो की चाचणीतही सापडत नाही, आणि तसा तो दाबलेला राहिला तर शरीरसंबंधातूनसुद्धा जोडीदाराला जात नाही. तुम्ही तर त्यांच्या हातची मासळी खाल्लीत.”

मी दोन्ही रिपोर्ट पुढे केले. ०.११, ०.१९. त्यांनी शांतपणे समजावलं की हा आकडा म्हणजे रक्तातला विषाणू नाही. यंत्राला मिळालेला संकेत आणि त्याची ठरलेली सीमारेषा यांचं ते गुणोत्तर आहे. कोणाच्याही निरोगी रक्तात थोडा संकेत येतोच, लॅब बदलली, यंत्र बदललं, अगदी दिवस बदलला तरी तो मागेपुढे होतो. १ च्या खाली असेल तर ०.११ आणि ०.१९ यांत काही फरक नाही. हे मला तोवर कुठेही सापडलं नव्हतं. तुमच्याही रिपोर्टवर असा आकडा असेल आणि तुम्ही तो रात्री-अपरात्री काढून बघत असाल, तर हा परिच्छेद पुन्हा वाचा.

‘विंडो पिरियड’, म्हणजे संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंतचा काळ, त्याचंही त्यांनी सांगितलं, कारण मी तेही वाचून गेले होते. लॅबमधली चौथ्या पिढीची चाचणी १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडते, बोट टोचून करतात ती झटपट चाचणी २३ ते ९० दिवसांत. “तुमच्या बाबतीत मोजायला काही संपर्कच झालेला नाही. वैद्यकीय गरज नाही. तरी तुम्हाला हवी असेल तर जानेवारीच्या शेवटी इथेच करू. तोवर बाहेर कुठे करायची नाही आणि त्यानंतरही नाही. जमेल?” मी हो म्हटलं.

मग मी विचारलं, आणि खरंच असता तर? त्यांनी तेही सांगितलं, टाळलं नाही. उपचारच न घेतल्यास शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून संसर्ग होतो. आईने वेळेत गोळ्या सुरू केल्या आणि बाळाला जन्मानंतर ठरलेलं औषध दिलं, तर हे प्रमाण ५ च्या खाली येतं. सगळं सरकारी केंद्रात मोफत. एखाद्या गरोदर बाईची पहिली चाचणी रिअॅक्टिव्ह आली तरी वेगळ्या किटने पुन्हा तपासल्याशिवाय निदान करत नाहीत. “म्हणून तर प्रत्येकीची सुरुवातीलाच करतो,” त्या म्हणाल्या. मला वाटतं, सगळ्यात वाईट शक्यतेलाही पुढे रस्ता आहे हे कळल्यानेच मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

कशासाठी लगेच धावत जायचं, तेही इथेच लिहिते. वापरलेली सुई टोचली, कंडोम फाटला आणि जोडीदाराविषयी माहिती नाही, जबरदस्ती झाली, तर घरी विचार करत बसू नका. ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, मोठ्या सरकारी रुग्णालयात जायचं. २८ दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या असतात आणि गरोदर असलात तरी त्या देतात. फक्त तिथे आपण गरोदर आहोत हे आधी सांगा.

त्या खोलीतून निघाले तेव्हा वाटलं, सुटले. आठवडाभर बरं गेलं. मग एका सकाळी शाळेच्या वाटेवर बसमध्ये पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मनगटावर ओली जखम दिसली, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. माहिती डोक्यात होती, शब्द न् शब्द आठवत होता. तरी हात थरथरत होते.

त्याच सुमारास सासूबाईंनी विषय काढला. त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण एका घरात राहून काय लपतं? नवऱ्याने त्यांना सगळं सांगितलं. त्या मला म्हणाल्या, “तुला एकटीलाच भय वाटतंय असं नाही. आम्ही तरुण होतो तेव्हा सगळा गोवा भ्यायला होता.” त्या १९८९ चं बोलत होत्या. डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाने रक्तदान केलं, त्यात तो एचआयव्हीबाधित असल्याचं समजलं आणि पोलीस त्याला घेऊन गेले. तेव्हाच्या गोव्याच्या कायद्यात अशा माणसाला वेगळं डांबून ठेवायची तरतूद होती. हळदोण्यातल्या क्षयरोग्यांच्या जुन्या रुग्णालयात त्याला ६४ दिवस ठेवलं. त्याच्या आईने, लुसी डिसोझांनी, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. सुटल्यावर त्याने बाधितांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. सासूबाई म्हणाल्या, “पेपरात त्याचा फोटो यायचा. आम्ही पेपरला हात लावल्यावर हात धुवायचो.”

मला आठवलं, २०१४ मध्ये मी डी.एड. करत असताना दक्षिण गोव्यातल्या रिवणच्या एका शाळेतून पालकांच्या दबावामुळे १३ मुलांना बाहेर पडावं लागलं होतं, एचआयव्हीच्या भीतीपोटी. तेव्हा वर्गात आम्ही सगळ्या तावातावाने बोललो होतो. ही भीती गोव्याच्या हवेत माझ्या जन्माआधीपासून आहे. मावशींच्या दारात कोणी चहा का घेत नाही, हेही त्यानंतर माझ्या लक्षात यायला लागलं. राग येतो मला त्याचा. अंगठा कापला तरी शेजाऱ्याचं काम पुरं करून देणाऱ्या बाईला अख्खा वाडा असा वागवतो, आणि तिच्या तोंडावर कोणी काही बोलतही नाही.

डिसेंबरच्या अखेरीस एका रात्री दोनच्या पुढे मी १४४१६ वर फोन लावला. हा केंद्र सरकारचा टेली-मानस, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट. मराठीत बोलता आलं. पलीकडच्या बाईंनी एचआयव्हीबद्दल एकही माहिती सांगितली नाही. त्यांनी विचारलं की शंका आल्यावर तुम्ही काय करता, आणि ते केल्यावर किती वेळ बरं वाटतं. मी म्हटलं, पूर्वी चार-पाच दिवस वाटायचं, आता तासभर. त्या म्हणाल्या, मग हे मानसोपचाराचं काम आहे, आणि तुमच्याजवळ बांबोळीला चांगली सोय आहे.

बांबोळीची आयपीएचबी, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालय. नाव काढलं की लोक चमकतात. मीही दोन दिवस घेतले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसहाची बस धरून पणजी, तिथून बांबोळीची बस. साडेआठला खिडकीवर केसपेपर. आधार आणि माता-बाल कार्ड बरोबर न्या. नंबर यायला बारा वाजले. पोटाशी आहात हे खिडकीवरच सांगा, मी उशिरा सांगितलं, सांगितल्यावर त्यांनी बसायला पंख्याखाली जागा दिली. डबा, पाण्याची बाटली आणि सोबत एक माणूस लागतोच. बाकांवर माझ्यासारख्याच बायका, कॉलेजची मुलं, एक निवृत्त मास्तर. मला काही खर्च आला नाही.

डॉक्टरांनी आधी झोप, भूक, वजन, बाळाची हालचाल, आत्महत्येचे विचार येतात का, हे सगळं विचारलं. गरज पडली तर गरोदरपणात देता येतील अशी औषधं आहेत, घाबरायचं नाही, पण आधी बोलण्याच्या उपचाराने बघू, म्हणाल्या. मग मानसशास्त्रज्ञ मॅडम. त्यांनी मला समजावलेलं माझ्या शब्दांत लिहायचं तर असं: शंका येते, मी धुते किंवा शोधते किंवा कोणाला तरी विचारते, क्षणभर बरं वाटतं, आणि मेंदू शिकतो की धोका खरा होता, म्हणूनच तर हिने एवढं केलं. खाजवलं की खाज वाढते, तसं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर अशा शंका डोकं वर काढतात, कारण त्या वेळी बाळाला जपायची तळमळ सगळ्यात जास्त असते. हे ऐकून मला रडू आलं. मी वेडी नाही, आणि आई म्हणून कमीही पडत नाही, हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

घरी करायला दिलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या आणि अतिशय अवघड गेल्या. शंका आली की लगेच फोन घ्यायचा नाही, पंधरा मिनिटं थांबायचं. मग अर्धा तास. मग संध्याकाळपर्यंत. हात जेवणाआधी, शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी धुवायचे, वीस सेकंद, पुन्हा नाही. भेगांना रात्री खोबरेल. नवऱ्याला “मला काही होणार नाही ना?” विचारायचं नाही, आणि विचारलंच तर त्याने “नाही होणार” असं म्हणायचं नाही. त्याने म्हणायचं, “हा तोच विचार आहे. चल, जरा फिरून येऊ.” पहिल्या आठवड्यात मला तो फार कठोर वाटायचा. बिचाऱ्याला ते बोलताना माझ्यापेक्षा जास्त त्रास होत होता, हे त्याच्या तोंडावर दिसायचं. घरच्यांना पहिल्याच भेटीला आत घेऊन जा, म्हणजे त्यांना कळतं की दिलासा न देणं हाही उपचाराचा भाग आहे.

आणि मावशी. भीती वाटेल अशा गोष्टींची मी एक चढती यादी केली होती, तळाशी ‘परसातली विळी घरात आणणे’, सगळ्यात वर ‘मावशींनी कापलेली मासळी खाणे’. विळी आणली. मग मावशींना चहाला बोलावलं, रोजच्याच कपांत चहा दिला आणि कप इतर भांड्यांबरोबर घासले. मला त्यांच्या तब्येतीबद्दल काही माहीत आहे हे मी बोलले नाही, ते बोलायचा हक्क त्यांचा. फेब्रुवारीत त्यांनी दोडयारे मासे आणले आणि स्वतःच साफ करून दिले. मी तळले आणि जेवले. पहिल्या घासाला छाती धडधडत होती. तीनेक घासांनंतर मला नुसती चव लागली.

२७ जानेवारीला आरोग्य केंद्रात ठरलेली चाचणी झाली. नॉन-रिअॅक्टिव्ह. संध्याकाळी अपेक्षेप्रमाणे विचार आलाच: बोट टोचायची ती सुई नवी होती ना? माझ्या डोळ्यांसमोर पाकीट फोडलं होतं, तरी आला. मी फोन घेतला नाही, नवऱ्याला विचारलं नाही, लॅबला जाण्याचा विचार केला नाही. बसून वह्या तपासल्या. पोटात गोळा होता, रात्री जेवेपर्यंत होता, नंतर कधी विरला ते कळलं नाही. माझ्या मते मी बरी व्हायला लागले ती इथून. रिपोर्ट तर नोव्हेंबरपासून चांगलेच होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात बाळंत झाले. दाखल होताना माता-बाल कार्ड आणि सगळे रक्ततपासणीचे कागद मागतात, वर काढून ठेवा. वेणांच्या खोलीत प्रत्येक बाईसाठी नवे हातमोजे, नवी सुई. कोणाला काही आजार आहे म्हणून नव्हे, सगळ्यांसाठी सारखंच, हे मी नीट पाहिलं. मुलगी, दोन किलो आठशे.

तिसऱ्या दिवशी दूध उतरलं आणि जुना विचार नव्या कपड्यांत आला, दुधातून जातो ना? मानसशास्त्रज्ञ मॅडमनी आधीच बजावलं होतं की बाळंतपणानंतरच्या दिवसांत हे पुन्हा उफाळेल, तेव्हा नवीन आजार समजायचा नाही. मी नवऱ्याला एवढंच सांगितलं, “तो विचार आलाय.” त्याने बाळ माझ्या हातात दिलं आणि मी पाजलं. असे विचार पुढचे दोन-तीन आठवडे येत राहिले. मे महिन्यात बाळाला घेऊन बांबोळीला शेवटची ठरलेली भेट झाली. गोळ्यांची गरज पडली नाही. माझ्याबरोबर बाकावर बसणाऱ्या एका मुलीला पडली, तिने घेतल्या आणि तीही छान आहे.

तुम्ही आत्ता याच गर्तेत असाल तर दोन नंबर लिहून ठेवा. एचआयव्हीविषयी कुठलीही शंका असो, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा १०९७, फुकट, नाव सांगावं लागत नाही. आपल्या घटनेची सगळी हकिगत तिथे किंवा जवळच्या आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-चाचणी केंद्रात, एकदा, एकाच माणसाला सांगा आणि उत्तर केसपेपरवर लिहून घ्या. ते उत्तर मिळूनही दोन दिवसांत तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला, तर दुसऱ्या लॅबमध्ये पैसे घालू नका, १४४१६ लावा. बांबोळीला पहिल्यांदा जाताना आधीचे सगळे रिपोर्ट न्या. मी नेले होते. डॉक्टरांनी एक नजर टाकून फाईल बंद केली आणि पुढचं सगळं माझ्याशी बोलल्या.